मखमलीखालची खोकी

"मावशी, खोली रिकामी आहे!" खारुताई दारातच थबकली.

"रिकामी कशी असेल? आधी दिवा तर लाव," मावशी मागून म्हणाली.

दिवा लावला. खोली खरंच रिकामी होती! काल संध्याकाळी सभागृहाच्या या मागच्या खोलीत पुस्तकांच्या खोक्यांवर खोकी रचली होती. आत शिरायचं तर अंग चोरून शिरावं लागत होतं. आज कोपऱ्यात चिकटपट्टीचा एक तुकडा तेवढा पडला होता.

"खोक्यांना पाय फुटले वाटतं!" नाकाड्या म्हणाला. पण हसलं कुणीच नाही.

मावशीचा घराच्या पुढच्या खोलीत एक छोटासा छापखाना होता. ज्यांना मोठे प्रकाशक दारातही उभं करत नाहीत, ज्यांनी पदरमोड करून स्वतःचं पुस्तक स्वतःच काढलंय, अशा लोकांची पुस्तकं ती छापायची. गावातल्या मोठ्या सभागृहात दरवर्षी पुस्तकांचं संमेलन भरायचं, पण या लोकांना तिथे कधी जागा मिळाली नव्हती. मावशीनं वर्षभर उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे यंदा त्यांच्यासाठी एक कोपरा मिळाला. कोपऱ्यात टेबलं, टेबलांवर पुस्तकं, आणि बाजूच्या छोट्या मंचावर प्रत्येकानं आपल्या पुस्तकातलं थोडं वाचून दाखवायचं. आणि आज ऐन उद्घाटनाच्या दिवशी पुस्तकंच गायब!

सुट्टीला मावशीकडे आलेली खारुताई आणि तिचा धाकटा भाऊ नाकाड्या कामाला जुंपले गेले होते. मावशीचा मुलगा तर घरचाच. तो शब्दाशब्दाला वाद घालायचा म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. खारुताई सगळ्या वस्तू खारीसारख्या जपून ठेवायची, म्हणून खोलीची किल्ली मावशीनं तिच्याकडे दिली होती. ती किल्ली कालपासून तिच्या गळ्यात होती. झोपतानासुद्धा तिनं काढली नव्हती.

"मी कुलूप लावलं होतं, मावशी. दोनदा ओढून पाहिलं होतं," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," मावशी म्हणाली. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

तोवर लेखकमंडळी येऊ लागली. रुग्णालयातल्या आजारी मुलांना सांगितलेल्या गोष्टींचं पुस्तक काढणाऱ्या नर्सबाई आल्या. त्यांच्या मागोमाग डोक्यावरची टोपी हातात घेऊन माळीकाका आले. त्यांनी मातीवर पुस्तक लिहिलं होतं.

"पुस्तकं गेली तर गेली, पुन्हा छापू," सगळं ऐकून माळीकाका कसेबसे म्हणाले. "पण माझ्या खोक्यात गांडुळांची बरणी आहे हो! मुलांना दाखवायला आणली होती. वरचं फडकं वाळलं तर मरतील बिचारी."

नर्सबाई नुसत्या रिकाम्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि टेबलावरची चादर हातानं सारखी करत राहिल्या.

तेवढ्यात सभागृहाचे व्यवस्थापक आले. कानाला एक फोन, हातात दुसरा. ते कायम घोड्यावर बसलेले असत, म्हणून मुलांनी त्यांचं नाव घाईसाहेब ठेवलं होतं.

"पुस्तकं नाहीत? म्हणजे आणलीच नसतील!" घाईसाहेब म्हणाले. "हे बघा बाई, उद्घाटनाला टेबलं रिकामी दिसली, तर हा कोपरा मी फोटोवाल्यांना देणार. ते केव्हाचे मागे लागलेत."

"पुस्तकं इथेच होती. खोलीला कुलूप होतं," मावशी म्हणाली.

"आणि किल्ली?"

खारुताईच पुढे झाली. "माझ्याकडे."

"वा! मुलांच्या हाती किल्ली द्यायची आणि मग आमच्या नावानं खडे फोडायचे!" असं म्हणत घाईसाहेब आले तसे गेलेसुद्धा.

खारुताईला रडू आवरेना. मावशीचा कोपरा जाणार, आणि तोही तिच्यामुळे गेला असंच सगळे म्हणणार!

"रडू नकोस. आधी विचार कर," वकील म्हणाला. "कुलूप फोडलेलं आहे का? नाही. म्हणजे ते किल्लीनं उघडलंय. तुझी किल्ली तुझ्या गळ्यात होती. म्हणजे दुसरी किल्ली आहे!"

"आणि ताई, हे बघ!" नाकाड्या बाहेरच्या बोळात उकिडवा बसला होता. स्टॉल उभारताना सुतारांनी केलेला लाकडाचा भुसा सगळीकडे सांडला होता. त्या भुशातून ढकलगाडीच्या चाकांच्या रेघा त्यांच्या दारापासून थेट मुख्य दालनाकडे गेल्या होत्या!

तिघंही धावत सुटले. पण मुख्य दालनात गालिचा अंथरलेला होता. तिथे रेघा संपल्या.

दालनाच्या समोरच्या भिंतीशी एका मोठ्या प्रकाशनसंस्थेचा पुस्तकांचा डोंगर उभा होता. जांभळ्या मखमलीनं झाकलेल्या पायऱ्या, आणि पायऱ्यापायऱ्यांवर कोरी करकरीत पुस्तकं. प्रमुख पाहुण्या शिखरावरचं पुस्तक उचलणार, की झालं उद्घाटन! सजावटवाले काका शेवटचा हात फिरवत होते.

तेवढ्यात नाकाड्याचं नाक हललं. शेजारच्या घरी काय शिजतंय ते हा मुलगा अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचा.

"साबण!" तो कुजबुजला. "अंगाला लावायचा. इथून येतोय!" आणि त्यानं डोंगराकडे बोट केलं.

खारुताईनं वकिलाकडे पाहिलं. वकिलानं तिच्याकडे. नर्सबाईंच्या घराखाली वाण्याचं दुकान होतं. स्वतःची पुस्तकं काढणाऱ्यांकडे नव्या खोक्यांची चैन कुठली? जो तो दुकानातून मिळेल ते खोकं आणायचा. माळीकाकांचं बिस्किटांचं होतं आणि नर्सबाईंची सगळी साबणाची!

"काय चाललंय इथे?" घाईसाहेबांचा आवाज आला.

"काका, आमची खोकी या डोंगराखाली आहेत!" खारुताई म्हणाली.

"काहीतरीच! याखाली आमच्या जुन्या माहितीपत्रकांची खोकी आहेत. मी स्वतः सांगितलंय."

"पण तुम्ही स्वतः बघितलंय का?" वकिलानं विचारलं.

"बघायला वेळ आहे कुणाला? आणि खबरदार, त्या कापडाला हात लावाल तर! एक खोकं हललं तर सगळा डोंगर खाली येईल. पुन्हा इथे दिसलात, तर मावशीसकट बाहेर काढीन!"

ते फोनवर बोलत पुढे गेले. आता काय करायचं? मावशीला सांगावं, तर ती भांडायला येणार, आणि घाईसाहेब तिलाच बाहेर काढणार. आधी खात्री करायला हवी होती.

"मी आत जाते," खारुताई म्हणाली.

"वेडी आहेस का? पडला तर डोंगर?"

"मागे बघ ना, कापड आणि भिंतीच्या मधे फट आहे. आत पोकळ असणार. कशाला हात नाही लावणार मी. माझी खूण दिसली की आले बाहेर!"

काल प्रत्येक खोकं आत घेताना तिनं त्यावर खडूनं एक झुपकेदार शेपटी काढली होती. तेव्हा सगळे तिला हसले होते. आता कुणी हसत नव्हतं. सजावटवाले काका मागच्या खोल्यांकडे निघून गेले आणि ती सुळकन मखमलीखाली शिरली.

आत अंधार होता आणि साबणाचा घमघमाट! डोळे सरावले तशी तिन्ही बाजूंना खोकी दिसू लागली. त्यांच्यावर फळ्या आणि फळ्यांवर पुस्तकांचं ओझं. आणि समोरच्या खोक्यावर तिनंच काढलेली खडूची शेपटी! तिच्या शेजारी दुसरी, तिच्यावर तिसरी!

तिला आनंदानं ओरडावंसं वाटलं. इतक्यात डोक्याशीच आवाज आले.

"साहेब, पोरं म्हणतात ते खरं आहे हो," सजावटवाले काका म्हणत होते. "माहितीपत्रकांची खोकी शेजारच्या खोलीत तशीच पडलीत. आताच बघून आलो. तुम्ही फोनवर म्हणालात, मागच्या खोलीतली घे. तुमच्या जुडग्यातल्या किल्लीनं पहिली लागली ती खोली उघडली. वर साबण, बिस्किटं लिहिलेलं. मला वाटलं, भंगार असेल."

"आता गप्प बसा," घाईसाहेब खालच्या आवाजात म्हणाले. "पाहुण्या दारात आल्यात. समारंभ उरकला की संध्याकाळी काढू."

"आणि त्या बाई? त्यांचा कोपरा?"

"पुढच्या वर्षी देऊ! कोण विचारतंय त्या पुस्तकांना!"

खारुताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती मागच्या फटीकडे सरकली, पण फट होती कुठे? कुणीतरी तिथे भलामोठा स्पीकर आणून टेकवला होता! जेमतेम हात जाईल एवढी चीर उरली होती. बाहेर खुर्च्या सरकत होत्या, माणसं बोलत होती. ती आत अडकली होती!

ओरडावं का? पण मग घाईसाहेब म्हणणार, बघा, पोरं लपाछपी खेळतायत! तिच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? खरं काय ते त्यांच्याच तोंडून, सगळ्यांसमोर बाहेर पडायला हवं होतं.

"ताई!" चिरेतून नाकाड्याचा आवाज आला. तो रडकुंडीला आला होता. "ताई, तू बरी आहेस ना?"

"ऐक! खोकी आहेत. आपलीच! आता रडत बसू नकोस. वकिलाला आणि माळीकाकांना गाठ. काकांना सांग, पाहुण्या शिखरापाशी आल्या की उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर गांडुळांची चौकशी करायची. एक अक्षरही खोटं बोलायचं नाही. पुढचं वकील बघेल. पळ!"

नाकाड्या पळाला. खारुताईनं अंधारात चाचपून बिस्किटांचं खोकं शोधलं. ते पोकळीच्या बाजूला, सगळ्यांत वर होतं. तिनं हळूच त्याच्या बाजूची चिकटपट्टी सोडवली. हाताला ओलं फडकं लागलं, मग बरणी लागली. ती बाहेर ओढताना वरची फळी कुरकुरली आणि मखमलीच्या पलीकडे धप्पकन एक पुस्तक पडलं!

"अरे, अरे!" बाहेर कुणीतरी ओरडलं. खारुताईनं श्वास रोखून धरला. फळी पुन्हा कुरकुरली आणि थांबली.

"काही नाही, काही नाही!" घाईसाहेब म्हणाले. "या बाई, या. आपल्या हस्ते हे शिखरावरचं पुस्तक—"

"माफ करा हं, साहेब!" माळीकाकांचा आवाज आला. दालन एकदम शांत झालं. "माझं एक खोकं काल तुमच्या मागच्या खोलीत होतं. त्यात गांडुळांची बरणी आहे. जिवंत आहेत. कुठे सापडलं का हो?"

"गांडुळं?" घाईसाहेब किंचाळले. "पुस्तकांच्या खोक्यात गांडुळं?"

"हो. चांगली वळवळणारी," वकील शांतपणे म्हणाला. "बरणीच्या झाकणाला भोकं पाडलीत, त्यांना हवा मिळावी म्हणून."

"अहो सजावटवाले! बघता काय? आधी ती खोकी बाहेर काढा! पाहुण्या उभ्या आहेत तिथे!"

"कुठली खोकी, काका?" वकिलानं विचारलं.

"हीच! या कापडाखालची! त्या बाईंच्या लेखकांची!"

बोलून गेल्यावर घाईसाहेबांच्या ध्यानात आलं, पण आता उपयोग काय? तोंडातून गेलेला शब्द परत थोडाच घेता येतो! सगळं दालन त्यांच्याकडे पाहत होतं.

"कापडाखालची?" मावशीचा आवाज आला. "तुम्ही तर म्हणालात, आम्ही पुस्तकं आणलीच नाहीत!"

तेवढ्यात समोरच्या मखमलीची कड वर झाली आणि दोन खोक्यांच्या मधून एक हात बाहेर आला. हातात बरणी होती.

"गांडुळं ठीक आहेत, माळीकाका," आतून खारुताई म्हणाली. "फडकं अजून ओलं आहे!"

दालनात हशा पिकला. प्रमुख पाहुण्या चांगल्या वयस्कर होत्या. त्या काठी टेकत खाली वाकल्या आणि त्यांनी मखमलीखाली पाहिलं.

"कोण गं तू?"

"किल्ली माझ्याकडे होती," खारुताई म्हणाली. तिला दुसरं काही सुचलंच नाही. मग मात्र तिनं आत ऐकलेलं सगळं भडाभडा सांगून टाकलं. सजावटवाल्या काकांनी मान खाली घातली आणि ते म्हणाले, "मुलगी खरं बोलतेय."

पाहुण्या सावकाश सरळ झाल्या. "माझ्या पहिल्या पुस्तकाची खोकी वर्षभर माझ्या खाटेखाली होती," त्या म्हणाल्या. "कुणी एकही नेईना. त्यांच्या वर मी झोपायची, म्हणून मला ठाऊक आहे, खालच्या पुस्तकांना किती सोसावं लागतं. मुली, तिथलंच एखादं पुस्तक दे मला. उद्घाटन त्यानंच होईल."

खारुताईनं हाताशी असलेलं खोकं उघडलं. नर्सबाईंचं पुस्तक मखमलीखालून बाहेर आलं आणि पाहुण्यांनी ते उंच धरलं. टाळ्यांच्या आवाजानं आतल्या फळ्यासुद्धा हादरल्या!

"आता टाळ्या थांबवा आणि आधी मला बाहेर काढा!" खारुताई ओरडली.

मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या माणसांनी स्वतःच आपला डोंगर पायरीपायरीनं उतरवला. सजावटवाल्या काकांनी आमची चूक, आमची चूक म्हणत खोकी कोपऱ्यात वाहून नेली. टेबलं भरली. नर्सबाई मंचावर चढल्या, तेव्हा त्यांचा आवाज सुरुवातीला थरथरत होता. पण पुढ्यातली मुलं पुढे सरकून ऐकायला लागली आणि तो स्थिर झाला. त्यांच्या पुस्तकांना साबणाचा वास होता, आणि मुलांना तोच फार आवडला.

"पोरांनो, तुम्ही नसतात, तर आज माझी मान खाली गेली असती," मावशी म्हणाली आणि तिनं तिघांनाही एकदमच जवळ घेतलं.

"आई, गुदमरतोय! याला माझा आक्षेप आहे!" वकील म्हणाला.

संध्याकाळी घाईसाहेब आले. आज पहिल्यांदाच त्यांच्या कानाला फोन नव्हता. ते मावशीपुढे उभे राहिले आणि माफी मागताना अडखळले. मग ते खारुताईकडे वळले.

"संमेलन अजून संपायचंय. खोलीला कुलूप लागणार, नाही का?" ते म्हणाले आणि त्यांनी खिशातल्या जुडग्यातून त्या खोलीची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "ही दुसरी. आता दोन्ही तुझ्याकडेच राहू देत."

खारुताईनं ती किल्ली पहिलीच्या शेजारी दोऱ्यात ओवली आणि खोलीला कुलूप लावायला निघाली. कुलूप तिनं दोनदा ओढून पाहिलं.