दर तीन महिन्यांनी, वीस तारखेला

चहाचा कप घेऊन ती आतल्या खोलीतून बाहेर आली, तर दाखवायला मांडलेल्या खुर्चीवर एक माणूस चक्क आडवा झालेला. पाय लांब, हात पोटावर, नजर छताकडे.

"झोपायची सोय पलीकडच्या लॉजवर होते," ती म्हणाली. "इथं दातांच्या डॉक्टरांसाठी खुर्च्या मिळतात."

"मी दातांचाच डॉक्टर आहे," तो जागचा न हलता म्हणाला. "पेशंटला पडल्या पडल्या काय दिसतं, ते बघतोय."

"मग काय दिसतं?" तिने वाकून विचारलं.

"इतका वेळ तुमच्या छताची ओल दिसत होती. आता..." तो जरा थांबला. "आता बरंच बरं दिसतंय."

बिलं आणि वसुली सांभाळणाऱ्या बाईने अशा बोलण्याला भुलायचं नसतं. ती भुललीही नाही. फक्त चहा टेबलावर ठेवून विसरून गेली.

त्याने तीच खुर्ची घेतली. दवाखाना नवा होता, पेशंट बोटांवर मोजण्याइतके. "दर महिन्याला हप्ता नाही जमणार," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तीन महिन्यांनी एकदा... चालेल?" मालकीणबाईंनी नाक मुरडलं, पण हो म्हणाल्या. आठ हप्ते, दर तीन महिन्यांनी, वीस तारखेला. बाकी सगळ्या गिऱ्हाइकांचे हप्ते महिन्याचे, याच्या एकट्याचे तिमाही. तिला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. ते वाटायला लागलं पहिला हप्ता देऊन तो जिना उतरून गेल्यावर.

चेक कुरिअरनेही पाठवता आला असता. पण तो स्वतः यायचा. पंधरा मिनिटं बसायचा, पावतीवरचं तिचं अक्षर न्याहाळायचा, आणि तिने हसताना तोंडावर हात नेला की म्हणायचा, "हात काढा. पुढचा दात किंचित वाकडा आहे, मला पहिल्याच दिवशी दिसलाय."

"सरळ करून देणार का?"

"हात नाही लावणार त्याला. तो आहे तसाच राहू दे."

एवढ्यावर तीन महिने काढायचे. वर्षातून चार वेळा, पंधरा पंधरा मिनिटं. ती ताईकडे राहायची. भाऊजी तिला वसुलीबाई म्हणायचे, हे तिने त्याला एकदा हसत सांगितलंही होतं. निळा ड्रेस घालून ती आरशासमोर जरा जास्त रेंगाळली की ताई स्वयंपाकघरातून विचारायची, "आज वीस तारीख वाटतं?"

दोन हप्ते असे झाले. मग ऑफिसात वह्या गेल्या आणि नवं सॉफ्टवेअर आलं. बिल उघडायचं, किती हप्ते ते भरायचं, दोन हप्त्यांत किती अंतर ते निवडायचं, पहिली तारीख टाकायची, की पुढच्या सगळ्या तारखा एकाखाली एक आपोआप मांडल्या जात. गिऱ्हाइकाला आठवणीचा मेसेजही मशीनच पाठवणार. तिने दोन दिवसांत त्रेचाळीस बिलं चढवली. डॉक्टरांचं बिल आलं तेव्हा ती नको तितकी रमली. उरलेले हप्ते सहा, तारीख वीस, सगळं नीट भरलं. फक्त अंतराच्या चौकटीत आधीच्या सगळ्या बिलांसारखंच 'एक महिना' राहून गेलं.

तिसऱ्या हप्त्याला तो ठरल्याप्रमाणे आला. आणि बरोबर महिन्याने, पुन्हा वीस तारखेला, दारात उभा.

ती खुर्चीतून अर्धवट उठली. "तुम्ही... आज?"

"मेसेज आला होता तुमचा," तो म्हणाला आणि चेक पुढे केला. "हजर व्हावंच लागतं. वसुलीबाईंचं बोलावणं."

त्या दिवशी तो अर्धा तास बसला. तो गेल्यावर तिने बिल उघडलं आणि चूक तिला तिथल्या तिथे दिसली. दुरुस्तीला अर्धं मिनिट पुरलं असतं. तिने माउसवर हात ठेवला. एक महिना... फक्त आणखी एक महिना, तिने मनाला समजावलं. जड वाटलं तर ते स्वतःच बोलतील की. आणि हात काढून घेतला.

तो महिना तिने आनंदात काढला असं म्हणवत नाही. वाट बघण्यातली गोडी होतीच, पण तिच्या तळाशी काहीतरी सलत होतं. रोज ती बिल उघडायची, बघायची, मिटायची. माल पोहोचवणारे ड्रायव्हरकाका एकोणीस तारखेला सहज बोलून गेले, "आपले दाताचे डॉक्टर स्कूटर विकतायत. गॅरेजवर बोर्ड लावलाय. पायीच फिरतात बिचारे."

ती तशीच उठून मालकीणबाईंकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. म्हणजे चूक सांगितली. हात काढून घेतल्याचं तोंडातून निघालं नाही. मालकीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "जास्तीचा घेतलेला हप्ता परत. उद्याच. आणि माफी तू मागायची, मी नाही."

वीस तारखेला तो आला. शर्टाची पाठ घामाने भिजलेली, चेक खिशात तयार.

"आज हप्ता घ्यायचा नाहीये," ती म्हणाली. मालकीणबाईंनी दिलेला चेक तिने त्याच्यासमोर ठेवला आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "माझ्याकडून चूक झाली. तुमचे हप्ते तिमाही, मी महिन्याचे केले. हा मागच्या महिन्याचा परत. आणि हे... आता दुरुस्त केलंय."

स्क्रीनवर उरलेल्या तारखा होत्या. पाचच ओळी, पहिली पुढच्या महिन्याची, मग दोन ओळींमध्ये तीन तीन महिने. तो बराच वेळ त्या वाचत राहिला.

"वर्षातून पुन्हा चारच," तो हळूच म्हणाला.

"तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं की. हप्ते ठरले तो कागद माझ्या टेबलावरच असतो, काचेखाली."

"मग बोलला का नाहीत? स्कूटर विकायची वेळ आली, तरी?"

"बोललो असतो तर तुम्ही लगेच दुरुस्त केलं असतं." तो कसनुसा हसला. "तुम्ही कामाला चोख आहात ना."

इथे गप्प बसली असती तरी चाललं असतं. तो तिला चोख समजत होता, दोष सगळा एका चौकटीचा होता. ती मनातल्या मनात दहापर्यंत मोजून बघत राहिली, पण ते गिळणं तिला जमेना.

"मी चोख नाहीये," ती म्हणाली. "मला महिन्यापूर्वीच कळलं होतं. तुम्ही इथून गेल्या गेल्या. बदलायला अर्धं मिनिट लागणार होतं आणि मी... नाही बदललं. तुम्ही पुन्हा यावं म्हणून. तुमचे पैसे जातायत हे कळत असूनही."

तिने मान वर केली नाही. आता तो उठेल, चेक घेईल, आणि पुढचे पाचही हप्ते कुरिअरने येतील, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "मला बुडवण्यात आपण दोघंही सामील होतो."

तिने वर बघितलं. तो रागावला नव्हता. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

"तो चेक घ्या," ती म्हणाली. "स्कूटरचा बोर्ड आजच्या आज काढा."

"घेतो." त्याने चेक घडी करून खिशात घातला. उठला, दारापर्यंत गेला, आणि तिथेच घुटमळला. "मग... पुढच्या महिन्यात, वीस तारखेला."

"दवाखाना किती वाजता उघडतो?" तिने विचारलं.

"दहाला. का? दात दुखतोय?"

"नाही," ती म्हणाली. "तरी उद्या येते."