विहीरघरातले पंजे

२ नोव्हेंबर, शनिवार. सकाळपासून धुकं. वारा नाही. अंगणातल्या तापमापीवर तीन अंश.

जिपार वही-पेन्सिल घेऊन घराबाहेर पडली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, तरी रस्त्याकडेची झाडं कमरेपर्यंतच दिसत होती. काम साधंच होतं. बिश्केकच्या टोकाला असलेल्या या वस्तीत आज नळ येणार होता, जुनं विहीरघर पाडायचं होतं, आणि त्याआधी तिथल्या भिंतीवरचे पंजे तिला वस्तीच्या इतिहासाच्या वहीत उतरवून घ्यायचे होते.

पंजे चौतीस वर्षांपूर्वीचे. उघड्या माळावर प्लॉट मिळालेल्या एकेचाळीस घरांनी आशार केला, म्हणजे घरटी एक माणूस कामाला आला, आणि एका शनिवारी विहिरीवर हे घर उभं राहिलं. भिंतीचा गिलावा ओला असताना प्रत्येकाने त्यावर उजवा हात उमटवला. ज्याचा पंजा, तो वस्ती वसवणारा. तीच नावं आज नव्या नळाशेजारच्या दगडावर कोरायची होती. पाथरवट छिन्नी घेऊन बसलाच होता.

जिपारच्या घरचा पंजा तिचा स्वतःचा होता. तिचा नवरा सागिन ही विहीर खोदताना त्याच आठवड्यात मंगळवारी ढिगाऱ्याखाली गेला, बुधवारी वर काढला, गुरुवारी पुरला. आशार झाला शनिवारी. विहीर त्याची, पण नाव कुठेच नाही.

विहीरघरासमोर कढईत पुलाव रटरटत होता, अकॉर्डियन वाजत होतं, पोरीबाळी नाचत होत्या. शेजारच्या कालीपाने झारा उंचावून थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारली, “एजे, माझा पंजा नीट काढ हं! तेव्हा मी काडी होते. आज उमटवायचा तर अख्खी भिंत लागेल!”

“तुझ्यासाठी दोन पानं राखून ठेवलीत,” जिपार म्हणाली आणि वस्तीतल्या सर्वांत वयस्क दुइशोनसमोर जाऊन उभी राहिली. “आक्साकाल, शेवटचं विचारते. सागिनचं नाव...”

“पोरी, मी काय त्याचा वैरी आहे? त्याच्या मातीला खांदा दिलाय मी. पण ज्याचा पंजा, त्याचं नाव. एकाला सूट दिली तर उद्या जो तो आपला सासरा घेऊन येईल.”

ती वळली. कंदील घेऊन आत शिरली.

दार लोटताच बाहेरचं वाजणं एकदम लांब गेल्यासारखं झालं. आत विहिरीचा गारवा होता आणि भुसा कालवलेल्या ओल्या मातीचा वास... भिंत तर चौतीस वर्षांची कोरडी. तिने एकेका पंजावर कागद धरून पेन्सिल फिरवायला सुरुवात केली आणि खाली आकडे घातले. इथे माणसं मोजत नाहीत, अपशकुन मानतात. मोजतात ती घरं. म्हणून इतक्या वर्षांत हे पंजे कुणी मोजलेच नव्हते.

एकेचाळिसावा झाला. तिने कंदील खाली केला. विहिरीच्या कठड्याला लागून, कोपऱ्यात, आणखी एक होता.

बेचाळिसावा. अनामिका अर्धी.

सागिनची अनामिका फर्निचरच्या कारखान्यात करवतीखाली तुटली होती. जिपारला हसू आवरेना. “आक्साकाल!” ती ओरडली. “या! सगळे या!”

म्हातारा आला, पाठोपाठ झारा घेऊनच कालीपा. दुइशोनने वाकून बराच वेळ पाहिलं, मग बोट लावलं. बोट चिखलाने भरलं.

“ओला आहे...”

“नळ गळत असेल,” कालीपा कुजबुजली.

“पाणी अजून सोडलंच नाहीये,” दुइशोन म्हणाला.

वस्तीत तसं बोट दुसऱ्या कुणाचंच नव्हतं, जिवंतांत ना मेलेल्यांत.

“त्याचाच आहे,” म्हातारा शेवटी म्हणाला. “मी सांगतो पाथरवटाला.” तो उलट पावली दारापर्यंत गेला. क्षणभराने बाहेर सागिनच्या नावाचा एकच गलका उठला, अकॉर्डियन दुप्पट जोराने वाजू लागलं.

“चल एजे,” कालीपा दारातून म्हणाली. “चल ना गं...”

“तू हो पुढे. आलेच.”

जिपारने कंदील जमिनीवर ठेवला आणि आपला उजवा तळवा त्या पंजावर टेकवला. माती कोमट होती.

जिपार बाहेर आल्यावर, चार वाजून दहा मिनिटांनी भिंत पाडली. दगडावर बेचाळीस नावं कोरली गेली, शेवटचं सागिनचं. जिपारच्या उजव्या हाताच्या पाठीवर, वरून घट्ट धरल्यासारखे, मातीचे ठसे होते: अंगठा, तीन बोटं आणि एक अर्धं. रविवारी सकाळपर्यंत ती माती वाळली नव्हती.