कौशल्याचा डावा हात

माझ्याकडे आलेल्या बाईला मी लगेच हात लावत नाही. आधी बघते. चप्पल काढताना ती कशाला धरते, पिशवी कोणत्या हातानं खाली ठेवते, पदर सावरताना कोणता खांदा वर जातो. मग एका बोटानं दुखरी जागा दाखवायला सांगते. पूर्ण पंजा ठेवला तर दुखणं मोघम असतं. एक बोट खोटं बोलत नाही. त्यानंतर आधी चांगली बाजू तपासते, मग दुखरी. हात किती अंशांपर्यंत उठतो ते कोनमापकानं मोजते आणि सगळं कार्डावर उतरवते. कार्डावर माणसाच्या दोन आकृत्या छापलेल्या आहेत, एक पुढून, एक मागून. दुखतं तिथं लाल पेन्सिल, आखडलंय तिथं निळी. पुण्याच्या कोर्सला हेच शिकवलं होतं. त्या कोर्सनं माझी भाषाही सरळ केली, असं माझे नातेवाईक टोमणे मारतात. अकोल्यात जठारपेठेतल्या दोन खोल्यांत, बाहेर 'पौर्णिमा गावंडे, उपचारात्मक मालिश, फक्त महिलांसाठी' अशी पाटी लावून, मी चौदा वर्षं याच पद्धतीनं काम करत होते.

बायका स्वतःच्या अंगाला बोट लावायला लाजतात. म्हणून मी माझ्याच अंगावर दाखवायचे. "इथं दुखतं, की इथं?" म्हाताऱ्या यावर चिडायच्या. दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर दाखवू नये, असं आमच्याकडे मानतात. चुकून दाखवलंच तर हात जमिनीकडे झटकायचा आणि 'माझं नाही' म्हणायचं. माझी आईही यावरून मला रागवायची. मी रोज दाखवत होते आणि मला साधी उसणही कधी भरली नव्हती.

२००५च्या दिवाळीनंतर रुबीना माझ्याकडे कामाला लागली. पंचविशीची, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात राहणारी. तिची नानी जहाँआरा लचकलेलं, उसणलेलं बसवण्यात नावाजलेली होती. आता ती परतवाड्याला मुलाकडे राहायला गेली होती. रुबीनाला मी चादरी बदलायला आणि तेल कोमट करायला ठेवलं होतं. एवढंच तिचं काम.

एकदा ललिता नावाच्या शिक्षिका आल्या. कंबर धरली होती. माझ्या तीन बैठका होऊनही त्यांना वाकता येत नव्हतं. मी हात धुवायला आत गेले तेवढ्यात रुबीनानं त्यांच्या मानेवर तळहात ठेवला आणि विचारलं, "कोनाचं हाय हे?"

ललिताबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सासूबाईचं. चार वर्षं मीच उचलून राहिली होती त्याइले. मागच्या साली गेल्या त्या." आणि पालथ्या पडून रडल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर वाकून जमिनीवरची किल्ली उचलली. मी कार्डावर लिहिलं, 'तिसऱ्या बैठकीनंतर सुधारणा.'

मी रुबीनाला विचारलं, हा कसला प्रश्न? ती म्हणाली, "नानी असंच इचारते, मॅडम. आधी कोनाचं, मग कुठं. मानसं दुसऱ्याचंच घेऊन फिरतात न."

महिनाभरात बायका दारातूनच विचारू लागल्या, "ते पोरगी नाई का आज?" मी समोर उभी असताना. मला हेवा वाटत होता, ते सरळच सांगते. चौदा वर्षं मी स्नायूंची नावं पाठ केली, अंगठे झिजवले, आणि ही कालची मुलगी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली. माझ्या पोटात दुखत होतं, पण त्या दुखण्याला कार्डावर जागा नव्हती. जानेवारीत मी रुबीनाला बजावलं, पेशंटला हात लावायचा नाही.

त्याच आठवड्यात कौशल्याबाई आल्या. मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातून पॅसेंजरनं आल्या होत्या. पन्नाशीच्या, डावखुऱ्या. ती वर्षं अशी होती की वेचणीला मजूर लावणं कुणाला परवडत नव्हतं. घरच्या बायकाच पहाटेपासून कापसात उभ्या राहायच्या. कौशल्याबाईंनी एक बोट डाव्या खांद्यामागच्या फऱ्यावर ठेवलं, तिथून कोपरापर्यंत आणलं, मग अंगठ्यावर आणि पुढच्या दोन बोटांवर. उजवा हात सरळ कानाला लागत होता. डावा पंच्याण्णव अंशांवर अडत होता.

त्यात एक गोष्ट विचित्र होती. टेबलावर निवांत पडलेल्या असताना त्यांची ती तीन बोटं आपोआप जवळ यायची, मनगट फिरायचं, आणि हात कमरेपाशी जाऊन उघडायचा. पुन्हा तसंच.

"काय करताय?" मी विचारलं.

"वेचून राहिली," त्या कसंनुसं हसल्या. "झोपीतई थांबत नाई, बाई. मालक म्हंते, हात बांधून झोपत जाय."

रुबीना दारात उभी राहून बघत होती. तिला हात लावायची मनाई होती. मी दोन बैठका केल्या आणि फरक शून्य.

रविवारी आमच्याकडे पेशंट नसतात. दुपारी रुबीना चादरींच्या घड्या घालत होती. मला वाटलं, आज हिचं पितळ उघडं पाडायचं. मी टेबलावर पालथी झोपले आणि म्हणाले, "चल, मला तपास. बघू तुझी नानी काय शिकवते."

तिनं मानेवर तळहात ठेवला. हात गरम होता. "कोनाचं हाय?"

"माझंच. आधी ऐक कुठं दुखतं ते."

आणि मी माझं बोट डाव्या फऱ्यावर ठेवलं, तिथून कोपरापर्यंत आणलं, मग अंगठ्यावर आणि पुढच्या दोन बोटांवर. कौशल्याबाईंनी दाखवलं होतं अगदी तसं. मला तिथं काहीही होत नव्हतं. रुबीना आता माझा खांदा चोळायला घेईल, मग मी उठून हसेन, असा माझा बेत होता.

तिनं हात काढून घेतला. "मॅडम, हे तुमचं नाई. त्या वेचनीवाल्या काकूचं हाय. हात झटका."

मी उठून बसले. तिनं ओळखलं होतं. एका स्पर्शात, कोनमापक नाही, कार्ड नाही. तेव्हा हसून हात झटकला असता आणि 'माझं नाही' म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. पण ते म्हणणं म्हणजे तिचं खरं ठरवणं होतं.

"माझंच आहे," मी म्हणाले.

"नका न असं म्हनू. झटका, मॅडम."

"माझंच आहे. दोन महिन्यांपासून आहे."

तिनं नवं कार्ड घेतलं, वर माझं नाव लिहिलं आणि लाल पेन्सिलीनं फऱ्यापासून बोटांपर्यंत रेघ ओढली. मी तिला म्हणाले, तुला साधं तपासता येत नाही, उद्यापासून येऊ नकोस. तिनं ओढणी घेतली आणि ती निघून गेली.

बुधवारी कौशल्याबाई तुरीच्या शेंगा घेऊन आल्या. आल्या आल्या त्यांनी डावा हात कानाला लावून दाखवला.

"कधी बरं वाटलं?"

"आइतवारी दुपारी. ताट धुवून राहिली होती, अन् एकदम हात हलका झाला. तुमचाच गुन, बाई."

मी शेंगा ठेवून घेतल्या.

माझा खांदा त्याआधीच, सोमवारी सकाळी धरला होता. मी नियमानं तपासलं. आधी उजवा हात, तो पूर्ण उठला. मग डावा. आरशासमोर कोनमापक धरून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा पंच्याण्णव. एक्स-रे काढला, तो स्वच्छ होता. डॉक्टर म्हणाले, व्यवसायामुळे होतं. मीही स्वतःला तेच सांगितलं.

फेब्रुवारीत माझी बोटं हलायला लागली.

मी आयुष्यात कधी कापूस वेचलेला नाही. माझे वडील पोस्टात होते. पण भाजी चिरताना, फोनवर बोलताना माझा डावा हात तीन बोटं जवळ आणायचा, मनगट फिरवायचा आणि कमरेपाशी जाऊन उघडायचा. नखांच्या कडेला ओरखडे उठले, वाळक्या बोंडाची टोकं लागल्यावर उठतात तसे. नखात पांढरे तंतू सापडायचे. चादरीचे असतील, असं मी म्हणायचे. अशा हातानं मालिश होत नाही. बायका एकेक करून यायच्या थांबल्या.

मार्चमध्ये मी पूल ओलांडून जुन्या शहरात गेले. रुबीनाच्या घराच्या ओट्यावर सात-आठ बायका बसल्या होत्या. सगळ्या माझ्याच. ललिताबाईंनी मला पाहून न पाहिल्यासारखं केलं.

रुबीनानं मला आत घेतलं. सतरंजीवर बसवलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, आणि ते मला जास्त लागलं. तिनं मानेवर तळहात ठेवला.

"आता खरं सांगा, मॅडम. ज्याचं नाव घ्याल, त्याच्याकडं जाईल. सोचून बोला. कोनाचं हाय?"

कौशल्याबाईंचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. कानाला लावलेला त्यांचा हातही मला दिसला. ते नाव घेणं माझ्या जिवावर आलं.

बाहेर ओट्यावर बायका हसल्या. त्यात ललिताबाईंचा आवाज होता.

"तुझं," मी म्हणाले.

मानेवरचा हात थांबला.

माझा खांदा सुटला. एकदम, ओझं कुणी काढून घ्यावं तसा.

रुबीनानं डावा हात मांडीवर घेतला. तिची तीन बोटं जवळ आली. मनगट फिरलं. हात कमरेपाशी जाऊन उघडला. ती त्या हाताकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही.

एप्रिलपर्यंत माझ्या सगळ्या बायका परत आल्या. मी आता माझ्या अंगावर काही दाखवत नाही, कार्डावरच्या आकृतीवर दाखवते.

रुबीना मे महिन्यापासून दर रविवारी दुपारी तीनला येऊ लागली. पेशंट म्हणून. डावा हात ओढणीत गुंडाळलेला असायचा, आणि ओढणी हलत असायची. ती टेबलावर झोपायची, मान मोकळी करायची आणि वाट बघायची. कशाची, ते मला माहीत होतं. तो प्रश्न स्वतःचा स्वतःला विचारता येत नाही, दुसऱ्यानं विचारावा लागतो.

मी विचारायचे, "कुठं दुखतं?"

ती म्हणायची, "तुमाले माईत हाय."

मग मी अर्धा तास तिचा खांदा चोळायचे. काही उपयोग व्हायचा नाही. ती गेली की चादर झटकायचे, तेव्हा जमिनीवर कापसाचे पुंजके पडायचे, वाळक्या पाल्याच्या चुऱ्यासकट. जून लागला तरी पडत होते. जूनमध्ये शेतात कापूस नसतो.

परवा ललिताबाई म्हणाल्या, "रुबीनाची नानी आली न परतवाड्याहून. पोरीचा हात पाहाले आली म्हंतात."

मी म्हणाले, "बरं झालं."

आज रविवार. रुबीना आली नाही. साडेतीन वाजले तेव्हा मी सवयीनं टेबलावरची चादर काढली आणि झटकली. जमिनीवर कापूस पडला.

चादर मी एकाच हातानं झटकली होती. डावा हात कमरेपाशी होता.