धुळीवर कोरडं फडकं

भर उन्हात, धुळीनं माखलेली नवीकोरी काळी गाडी तो कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसत होता! मला राहवलं नाही. रस्ता ओलांडून गेले आणि फडकं हिसकावूनच घेतलं.

"अहो, धूळ म्हणजे बारीक वाळूच. ओरखडे पडतील!"

"पण... आपण कोण?"

"समोरचं गाड्या धुण्याचं दुकान माझं. म्हणजे काकांचं... पण चालवते मी."

तो शाळेत गणित शिकवायचा, म्हणून माझ्यासाठी तो 'मास्तर' झाला. मी गाडी सावलीत घेतली. आधी नुसत्या पाण्याच्या धारेनं धूळ वाहू दिली. मग दोन बादल्या मांडल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं, मळलेला हातमोजा खळबळायला. टपापासून सुरुवात करून चाकं सर्वांत शेवटी. मग मऊ टॉवेल बॉनेटवर अंथरला आणि अलगद उचलला.

"पुसायचं नाही?"

"नुसतं टिपायचं. हं, करा बघू."

त्यानं टॉवेल अंथरला खरा, पण नजर...

"मास्तर, गाडी इकडे आहे."

"दिसतेय की," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मग दर रविवारी ती गाडी यायची. कधी कधी तर लख्ख स्वच्छ!

"हिला काय धुऊ?"

"आमच्याकडे धूळ फार हो," तो धडधडीत खोटं बोलायचा. मीही मुद्दाम सावकाश धुवायचे.

एका रविवारी मला बघायला म्हणून गाडीतून त्याची आई उतरली. तिनं माझे साबणानं भेगाळलेले हात निरखले आणि काकांना म्हणाली, "मुलगी चांगली आहे. पण लग्नानंतर हे बंद. लोकांच्या गाड्या धुणारी सून... चारचौघांत काय सांगू मी?"

"बंद म्हणजे बंद!" काका घाईघाईनं म्हणाले. "नाहीतरी मुलीच्या जातीला शोभतं का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, माझ्या वतीनं शब्द देऊ नका. आणि काकू, तुमचा मुलगा मला आवडतो. खूप आवडतो. पण हे काम मी सोडणार नाही. पटत असेल तर हो म्हणा, नाहीतर गाडी धुऊन झालीये... घेऊन जा."

मास्तर गाडीकडे वळला. संपलं सगळं, मला वाटलं.

"आई," तो हळूच म्हणाला, "चारचौघांना तू काही सांगू नकोस. मी सांगेन. अभिमानानं."

आई फणकाऱ्यानं चालतच निघून गेली. तो तिच्यामागे गेला नाही.

"मघाशी म्हणालीस ते... खरं?"

"मी दोनदा सांगत नसते."

"मग मी सांगतो. मला तू हवी आहेस, अशीच. आईला वेळ लागेल. नाहीच मानली, तरी माझं ठरलंय."

त्यानं माझा ओला, राठ हात हातात घेतला.

"अरे, लोक बघताहेत!" काका ओरडले.

"बघू देत," मी म्हणाले आणि त्याचा हात आणखी घट्ट धरला.