गाळातला भाऊ

निरीक्षकबाई यायच्या आधी मुकादम कापासाने नमुन्याच्या बाटल्या पुसून मांडल्या. एकीत गाड्यांमधून काढलेलं काळंकुट्ट तेल. दुसरीत तेच तेल, गंधकाम्लाने धुऊन, मातीतून गाळून मधासारखं झालेलं. त्यातून निघालेली सगळी घाण एन्डोला शहरातल्या या तेल-शुद्धीच्या कारखान्यामागच्या खड्ड्यात जायची. डांबरासारखा दाट आम्लगाळ. वास असा, की घशात सुया टोचाव्यात.

खड्ड्याला कठडा नव्हता. ‘कठडा आहे’ या कागदावर मात्र मुकादम म्हणून कापासाची सही होती. कारखान्यातलाच कामगार झोंडिवे जेरे ही गोष्ट बाईंना सांगणार होता. कापासाची नोकरी जाणार होती, कदाचित तुरुंगही. म्हणून तीन दिवसांपूर्वी, भर दुपारी, कापासाने त्याला मागून ढकललं.

झोंडिवे छातीपर्यंत रुतला. धडपडून वर काढलेल्या हातांची कातडी हातमोज्यासारखी सुटली. “या बेंबाने मारलं रे मला!” तो किंचाळला.

भिंतीपलीकडे गाळणीवरचे कामगार पोट धरून हसले. कापासा बेंबा, झोंडिवे न्गोनी. या दोन जमाती पूर्वी लढल्या, म्हणून आता थट्टेचे भाऊ. एकमेकांना रोज शिव्या द्यायच्या, न्गोनीला उंदीरखाऊ, बेंबाला माकडखाऊ म्हणायचं, रोज खुनाचा आळ घ्यायचा, मयतीतसुद्धा सोडायचं नाही. त्या किंकाळीला उठून कोण येणार?

कापासाने पहारीने त्याचं डोकं खाली दाबलं. दोनदा. मग सगळ्यांना सांगितलं, उंदीरखाऊ आपल्या गावी, चिपाताला पळाला.

आता निरीक्षक चिसेंगाबाई खड्ड्याच्या काठाशी, नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या.

“कठडा कुठाय, मुकादम?”

“गंजला होता, मॅडम. कालच काढला.”

गाळावर एक जाड बुडबुडा सावकाश फुगला आणि फुटला. आतून झोंडिवेचा आवाज आला.

“खोटं बोलतोय माकडखाऊ...”

 कापासाने बाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे लिहीत होत्या. त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

“याचा आजा आमच्यापुढे पळाला, मॅडम... आणि हा मागून येतो...”

भिंतीपलीकडे हशा उसळला. गाळणीवरचा म्हातारा सिमुकोंडा ओरडला, “आला वाटतं उंदीरखाऊ परत!”

म्हणजे ही थट्टा ओळखणाऱ्यांना ऐकू येत होतं, बाईंना नाही. कापासाने दात आवळले. थट्टेच्या भावाला द्यायचं उत्तर तोंडात ठेवून गप्प राहायचं, हे त्याला जन्मात कधी जमलं नव्हतं. बाई जाईपर्यंत, एवढंच. पाच मिनिटं.

“घाबरलं रे माकड...” गाळ गुरगुरला.

“घाबरतंय कोण!” कापासाच्या तोंडून निघून गेलं. “उंदीरखाऊ, दोनदा पहारीने दाबला तुला, तरी बडबड चालूच?”

भिंतीपलीकडचं हसू तुटलं. बाईंचं पेन थांबलं.

“मुकादम... कुणाला दाबलंत?”

संध्याकाळपर्यंत पोलिसांनी खड्डा उपसला. बुटांचे तळवे निघाले, पट्ट्याची कडी निघाली. हाडं ओल्या खडूसारखी बोटांत कुस्करत होती. शेवटी आकड्याला जबडा लागला. सिमुकोंडाने त्यावर पाणी ओतलं आणि बादली टाकून मागे सरकला.

आम्लाने सगळं खाल्लं होतं. जीभ तेवढी होती. गुलाबी, ओली... आणि टोकाशी हलत होती.