सहा ते सात

"हे डाग तुमचेच ना?"

वाचनालयात पुस्तक परत करायला आलेली ती दचकली. समोर तिथला बाइंडर उभा... फाटकी पुस्तकं दुरुस्त करणारा, बाहीला गोंद लागलेला. त्याने पान उजेडात धरलं. मधोमध तेलकट अंगठा, पोलीस उमटवून घेतात तसा ठसठशीत.

"कशावरून माझे?"

"गेल्या चार पुस्तकांवरून. पाचव्या प्रकरणापर्यंत खारे वेफर्स, पुढे मसाल्याचे."

ती लाजली, आणि मग फिस्सकन हसली. नाकारून करणार काय! दिवसभर ऑफिसात नकाशे काढायचे, सहाला घरी यायचं, की रिकामं घर खायला उठायचं. मग सात वाजेपर्यंत ही पाकिटामागून पाकीट फस्त करायची. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी डोळे वटारले होते, आईने फोनवरून शपथा घातल्या होत्या. चारदा सोडलं, पाचदा धरलं. आता स्वतःवरचा भरवसाच उडाला होता, आणि तेच तिला जास्त लागत होतं. हे सगळं ती त्या परक्या माणसाला सांगून मोकळी झाली, कशी कोण जाणे.

"सहाला मागच्या खोलीत या," तो म्हणाला. "पुस्तक शिवायला दोन्ही हात लागतात. तोंडात टाकायला तिसरा आणणार कुठून?"

ती गेली. पहिले आठ दिवस जीव नुसता कासावीस. हात दोऱ्यात, मन पाकिटात. तो मुद्दाम बोलत राहायचा. "सुई अशी नको... अशी." बोटाला बोट लागायचं, आणि दोघंही एकदम पानं मोजायला लागायची.

तीन महिन्यांत सहाची ती वखवख कुठे पळाली, तिला कळलंही नाही. रिपोर्ट सुधारला. डॉक्टर खूश, आई त्याहून खूश. पण फाटकी पुस्तकंही संपत आली होती, आणि त्या विचाराने तिला चैन पडेना.

एका संध्याकाळी तिने गठ्ठ्यातलं पुस्तक उचललं.

"अहो, हे मी सोमवारी शिवलं होतं! कोणी उसवलं?"

तो गोंदाच्या डब्याचं झाकण लावत बसला. लागलेलंच झाकण.

"इतकं वाईट शिवलं होतं का मी?"

"छे हो! चांगला अर्धा तास उसवत होतो."

"मग?"

"गठ्ठा संपला असता... तुमची सवयही सुटली. मग तुम्ही कशाला आला असता इथे?"

तिला इतका आनंद झाला, की रागवायचं ठरवूनही जमेना. "कमाल करता! धडधाकट पुस्तक उसवलंत, पण तोंडाने 'येत जा' म्हणवलं नाही?"

"भीती वाटली. तुम्ही मला आवडता... फार."

तिने सुई खाली ठेवली. "उद्यापासून मी इथे येणार नाही."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"तुम्ही माझ्या घरी यायचं. सहाला. मला ते घर आवडायला लागायला हवंय."

तो कसंबसं म्हणाला, "येताना... काय आणू?"

"काही नको. रिकाम्या हातांनी या," ती म्हणाली, आणि त्याचा हात तिने हातात घेतला.