पिवळ्या फौजेनं पकडलेला चोर

रविवारी सकाळी साडेआठला वजीरा मुकादम ऑफिसात येऊन पर्स ठेवतात न ठेवतात तोच फोन वाजला.

"मॅडम, आपके लड़कों ने हमारे आदमी के गले में पाटी डालके ग्राउंड में घुमाया. वो हॉस्पिटल में पड़ा है. अर्बाब ने व्हिडिओ देखा. बोला, चोर नहीं चाहिए, एग्झिट मारो."

बोलणारा जाफर होता, ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीच्या कामगार कॅम्पचा बॉस. त्याचा माणूस म्हणजे उत्तम, बावन्न वर्षांचा वेल्डर. अर्बाब म्हणजे कंपनीचा मालक, आणि एग्झिट म्हणजे व्हिसा रद्द करून कायमची मायदेशी रवानगी.

"एग्झिट कधी?"

"आजच. तीन बजे तक मॅच के पास का असली मालिक मेरे सामने बोले कि चोरी नहीं हुआ, तो मैं अर्बाब को समझाऊंगा. नहीं तो खलास."

वजीरा मूळच्या दापोलीच्या. वीस वर्षं सोहारच्या एका कॉलेजचं स्पोर्ट्स ऑफिस सांभाळत होत्या. क्रिकेटमधलं त्यांना फारसं कळत नसे, पण पोरांच्या थापा मात्र बरोबर कळत.

शनिवारी आंतरकॉलेज क्रिकेटची फायनल झाली होती. पास फुकट: विद्यार्थ्याला एक, खेळाडूला घरच्यांसाठी दोन. बंडलं वाटताना नंबर कुणी टिपले नव्हते. पास विकायचा नाही हा नियम कॉलेजचा, पण त्याची अंमलबजावणी 'पिवळी फौज' या चाहत्यांच्या टोळीनं आपणहून अंगावर घेतलेली. उत्साहाला कामधंदा नसला की तो असा कुणाच्या तरी मानगुटीवर बसतो. फौजेनं उत्तमला गेटवर धरलं, गळ्यात 'चोर' लिहिलेला पुठ्ठा अडकवला आणि ड्रिंक्सच्या वेळी बाउंड्रीभोवती फिरवलं. मग पाण्याचा घोटही न देता उन्हात बसवलं. तो कोसळला तेव्हाही फोनवर शूटिंग चालूच होतं. मॅच आपल्या कॉलेजनं जिंकली.

फौजेचा म्होरक्या अरमान छाती काढूनच ऑफिसात आला.

"मॅम, ब्लॅकमध्ये तिकीट विकणारे आणि घेणारे, दोघंही सारखेच. आम्ही एथिक्ससाठी लढतो."

"तो चोर आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"आमचा टिप फॉर्म आहे. त्यात नाव द्यावं लागत नाही." त्यानं फोन पुढे केला. *पास ११४ चोरीचा आहे. माणूस पन्नाशीचा, कॅम्पमधला. मस्टर्ड रंगाचा फुल शर्ट. आत सोडू नका.* खाली वेळ होती शुक्रवार, दुपारी चार.

वजीरांनी ते दोनदा वाचलं. "आणि तुम्ही त्याला काही विचारलं नाहीत?"

"काय विचारायचं, मॅम? शर्टसुद्धा मॅच झाला!"

हॉस्पिटलात उत्तमच्या हाताला सलाईन होतं. ओठ फुटले होते. वजीरांनी कॉलेजचं नाव सांगताच तो उठून बसायला लागला.

"बाय, त्या ओपनरचं किती झालं? मना मधीच भाईर काढलान."

"एकसष्ट. नाबाद."

त्याचा चेहरा उजळला. मग त्यानं घाईघाईनं खिडकीकडे पाहिलं.

"पास कुठून आणलात?"

"चहाच्या टपरीवर एक पोरगा इकत होता. मी पैशे मोजून घेतला. चोर न्हाय मी."

"शर्ट नवा होता?"

"मंडळीनं धाडला, प्रभावतीनं. गाववाला शुक्रवारी सकाळी घेऊन आला. म्याचलाच घड्या मोडल्या."

"त्याआधी खोलीतल्या कुणाला दाखवलात?"

"न्हाय. पेटीत व्हता."

"आणखी कुणाला?"

उत्तम चादरीची घडी सारखी करू लागला.

"इथं ओमानात तुमचं कुणी आहे?"

"कोन न्हाय, बाय. कोनच न्हाय." ते त्यानं इतक्या जोरात सांगितलं की शेजारच्या खाटेवरचा माणूस जागा झाला.

टपरीवर विकणारा पोरगा शोधायला वेळ लागला नाही. ताबिशच्या बापाचं शेजारच्या सहम गावात दुकान होतं, आणि मुलगा बापावर गेला होता.

"विकले, मॅम. लपवू कशाला? मुलं झोपा काढणार, खुर्च्या रिकाम्या राहणार. कॅम्पातल्या माणसाला बघायचं होतं, मी दाखवलं. यात चोरी कुठे आली?"

"फुकटाचा पास गरिबाला विकलास आणि उपकार केल्यासारखा बोलतोस! एकशे चौदा कुणी दिला होता?"

"नंबर कोण बघतंय? वीसेक जणांनी दिले. प्लेयर्सनीसुद्धा. धनेशनं तर दोन्ही दिले, म्हणाला घरचं कुणी इथं नाहीच."

एक वाजता वजीरांनी अरमान, ताबिश आणि धनेश यांना ऑफिसात बोलावलं. धनेश म्हणजे कालचा हिरो. अरमाननं त्याच्या गळ्यात हात टाकला होता.

"बसा," वजीरा म्हणाल्या. "अरमान, उत्तमला त्या शर्टात तुम्ही कधी पाहिलंत?"

"शनिवारी."

"आणि टिप कधी आली?"

अरमाननं फोन पाहिला. गळ्यातला हात हळूच निघाला. "शुक्रवारी."

"म्हणजे तो काय घालून येणार हे कुणाला तरी आदल्या दिवशीच ठाऊक होतं. शर्ट नवा, मॅचपर्यंत पेटीत होता, खोलीतल्यांनी पाहिला नाही. मग नवा शर्ट माणूस दाखवतो कुणाला? घरच्यांना, फोनवर. बायकोनं तर तो पाठवलेलाच. उरलं कोण?"

"पण पास घेताना तो म्हणाला, माझं इथं कुणी नाही," ताबिश म्हणाला.

"तो तसंच म्हणतो. नोकरी जातेय, तरी तसंच म्हणतो. माणूस इतकी कड कुणाची घेतो? मी भेटायला गेले तर त्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही. स्कोअर विचारला, आणि तोही टीमचा नव्हे, एकट्या ओपनरचा."

धनेश बुटांकडे बघत होता.

"टीमची यादी टाइप करताना तू म्हणालास, आडनाव नको, साउथवाल्यांसारखं नुसतं 'धनेश यू.' लिहा. मी लिहिलं. आज तुझा प्रवेशअर्ज काढला." त्यांनी कागद टेबलावर सरकवला. "धनेश उत्तम शिगवण. वडिलांचा धंदा, वेल्डर. बोल."

धनेशनं कागद उलटा करून ठेवला.

"मी पास दिला नाही, तर त्यांनी विकत घेतला," धनेश म्हणाला. "व्हिडिओ कॉलवर शर्ट दाखवला, पास दाखवला. तो माझाच होता, एकशे चौदा. सगळ्यांना मी सांगितलंय, पप्पा पुण्यात डायरेक्टर आहेत. ते कॅम्पच्या बसमधून उतरणार आणि बाउंड्रीवरून 'बाबू' म्हणून ओरडणार... मला वाटलं, गेटवरून परत पाठवतील. एवढंच."

"आणि पुठ्ठा घालून तुझ्यासमोरून फिरवलं तेव्हा? तू तिथंच उभा होतास."

"मी ग्लव्हज बदलत होतो."

अरमान खुर्चीतून उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वजीरांना त्याचाही तितकाच राग आला. याच पोरानं तो पुठ्ठा रंगवला होता.

"रडायला पुढे आयुष्य पडलंय," त्या म्हणाल्या. "धनेश, चल. जाफरसमोर एवढंच सांगायचं, पास माझा, आणि हे माझे वडील."

पावणेतीनला ते वॉर्डात पोचले. जाफर खाटेशी एग्झिटचा कागद घेऊन उभाच होता. धनेशला पाहताच उत्तम सलाईनसकट उठला.

"हा पास याचा," वजीरा म्हणाल्या. "हा उत्तमचा मुलगा."

जाफरनं उत्तमकडे पाहिलं. "सच है? तेरा लड़का है?"

उत्तमनं पोराच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं जे दिसलं ते त्याला पुरलं.

"न्हाय साब. मेरेको लड़का नहीं. पास मैंनेच उठाया."

"उत्तम!" वजीरा ओरडल्या. "धनेश, बोल! अरे, बोल ना!"

धनेशनं घड्याळात पाहिलं. "मी यांना ओळखत नाही," तो म्हणाला.

"मॅडम, वो खुद बोल रहा है," जाफर म्हणाला. "मैं क्या करूं?" त्यानं कागद पुढे केला. उत्तमनं सलाईनच्या हातानंच सही केली, सावकाश, अक्षर न् अक्षर. सही झाल्यावर त्याला हायसं वाटल्याचं स्पष्ट दिसत होतं, आणि ते बघणं वजीरांना सहन होईना.

धनेश केव्हाच दारापाशी पोचला होता. त्यानं त्यांच्यासाठी अदबीनं दार धरलं.

"मॅम, निघूया? चारला टीमचा फोटो आहे."